भोपळ्याच्या पोटातलं काम
सणांमागची कारागिरी : भाग ५

मागच्या भागात आपण आयर्लंडमध्ये होतो. तिथल्या मेयो परगण्यात, कॅसलबारजवळच्या लोकजीवन संग्रहालयात हॅलोविनसाठी सलगम कोरून केलेल्या कंदिलाची एक प्लास्टरची प्रतिकृती ठेवली आहे. दात विचकणारा तो सुरकुतलेला चेहरा आजच्या कुठल्याही भोपळ्याहून भेसूर दिसतो. पण सलगम भरीव असतं, ते पोखरताना मनगट दुखून येतं. आयरिश स्थलांतरितांना अमेरिकेत मिळालेला भोपळा मोठा, आतून पोकळ आणि ऐन ऑक्टोबरात पिकणारा. एकट्याने रेटायचं काम सगळ्या घराचं झालं ते या पोकळीमुळेच, असं मला वाटतं.

बाजारात हॅलोविनसाठी येणारी ‘हाउडन’ ही जात मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने तयार केली. गडद केशरी साल, दणकट देठ. चवीला मात्र पाणचट आणि रेषाळ. न्यू जर्सीतल्या मराठी गृहिणीने हिचे घारगे करायला घेतले, तर गूळ वाया जाईल.

भोपळा कोरायला बसलं की घरात सगळ्यांची नजर सुरीवर असते, पण भोपळा चांगला की वाईट हे चमच्यावर ठरतं. बिया आणि रेषा काढल्या की बहुतेक जण थांबतात. थांबू नये. चेहऱ्याच्या बाजूची भिंत साधारण अडीच सेंटिमीटर उरेपर्यंत आतून खरवडत राहावं. भिंत जाड राहिली की करवत अडकते आणि उजेड आतच कोंडतो. हात गिळगिळीत करून घेणारं हे काम मुलं आनंदाने करतात, तेव्हा ते त्यांचंच.

आत दिवा ठेवायचा असल्याने चित्र उजेडाच्या हिशेबाने काढावं. आरपार कापलेला भाग लख्ख उजळतो. नुसती साल सोलून गर पातळ केलेला भाग मधाळ पिवळा दिसतो, आणि साल जिथे तशीच आहे तिथे अंधार. या तीन छटांवर घुबडाची पिसं, मांजराच्या मिशा, आजोबांचा चष्मासुद्धा साधतो. अट एकच, रांगोळीच्या छापासारखी : प्रत्येक तुकडा कुठेतरी बाकीच्या सालीला धरून हवा. बुबुळाभोवती पूर्ण गोल कापलात की बुबुळ आत पडलंच.

कागदावरचं चित्र चिकटवून रेषेवर टोचणीने ठिपके पाडावेत. आधी बारीक भाग, तोंडासारखी मोठी भोकं शेवटी, नाहीतर भिंत लवचते. कापायला स्वयंपाकाची सुरी नकोच. ती सालीत अडकते आणि जोर लावला की सटकते. बारीक दातांची छोटी करवत मिळते, ती मोठ्यांनीच धरावी. अगदी लहानांना रंगाचा डबा आणि अख्खा भोपळा द्यावा.

मेणबत्ती लावणार असाल तर वरचं झाकण तिरकं कापा, म्हणजे ते आत घसरत नाही. धुरासाठी त्याला एक भोकही पाडा. विजेचा दिवा असेल तर बुडातून कापलेलं बरं. देठ आणि डोकं शाबूत राहतं.

कोरलेला भोपळा जेमतेम आठवडा टिकतो, उबदार हवेत त्याहून कमी. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं तर सुकणं थोडं लांबतं, बुरशी मात्र टळत नाही. म्हणून 31 ऑक्टोबरच्या दोन-तीन दिवस आधीच कोरायला बसावं. बिया त्याच संध्याकाळी धुऊन, कोरड्या करून, मीठ-तिखट लावून भाजाव्यात.