पडत्या संघाचा प्रेक्षक

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागाजवळ कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे क्रीडांगण आहे. रूपसिंग हे ध्यानचंदांचे धाकटे बंधू, आणि १९३२ व १९३६ च्या ऑलिंपिक विजयांतील त्यांचे भागीदार. क्रीडांगण मूळचे हॉकीचेच. पुढे तेथे क्रिकेट आले, आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यातील आपले सुप्रसिद्ध द्विशतक तेथेच पुरे केले. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटही शहराबाहेरच्या नव्या मैदानावर गेले. हॉकीसाठी तेथे जाणाऱ्या जुन्या प्रेक्षकाचे मत या स्थित्यंतरांत कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. प्रेक्षकाला खेळाचा आश्रयदाता म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. निर्णयाच्या वेळी मात्र हा आश्रयदाता कुंपणाबाहेर उभा असतो.

हेच चित्र अधिक ठळकपणे पाहावयाचे तर गोव्याच्या फुटबॉलकडे वळावे. असे सांगतात, की १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाचे धर्मगुरू हवापालटासाठी शिवोली गावी आले आणि त्यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकविला. चर्चपुढचे पटांगण, कापणीनंतर मोकळे झालेले भाताचे शेत आणि फेस्ताच्या निमित्ताने भरणारे सामने यांवर तो वाढला. पुढे खाणी, जहाजे आणि व्यापार यांत पैसा मिळविलेल्या घराण्यांनी संघ बाळगले. साळगावकरांचा संघ १९५६ चा, धेंपोंचा १९६८ चा. गावोगावच्या माणसांनी ही उद्योगपतींची नावे आपल्या घरची असल्यासारखी उच्चारली, हा या इतिहासातला मोठा नवलाचा भाग होय.

धेंपो संघाच्या चाहत्याला काय मिळाले होते, हे ध्यानी घेतल्याशिवाय त्याने काय गमावले ते कळावयाचे नाही. २००५ ते २०१२ या काळात या संघाने देशाचे सर्वोच्च विजेतेपद पाच वेळा जिंकले. आर्मांदो कुलासो यांच्यासारखा मातीतला प्रशिक्षक, समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा यांच्यासारखे गोमंतकीय खेळाडू. त्याआधी, डिसेंबर २००४ मध्ये, बंगलोरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझिलियन खेळाडूने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि त्यातच त्याचा अंत झाला. चषक संघाला मिळाला. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुढे कोणास दिला नाही. अशा गोष्टी जमाखर्चाच्या वहीत कोठे मांडावयाच्या? पण चाहत्याची सारी मिळकत तीच असते.

आता वहीकडे वळू. फुटबॉल क्लबाला उत्पन्नाचे मार्ग थोडेच: तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क, जाहिरात आणि खेळाडू दुसऱ्या संघास देताना मिळणारी रक्कम. युरोपातल्या मोठ्या क्लबांना प्रक्षेपणाचा पैसा तारतो. आपल्याकडील क्लबांना त्याचा आधार नव्हता, तिकिटे स्वस्त आणि अनेकदा शिल्लक. खर्च मात्र चुकत नाही. खेळाडूंचे पगार, परदेशी खेळाडूंची सोय, कलकत्ता, शिलाँग, ऐजॉलपर्यंतचे प्रवास. मधली तूट मालक भरतो. म्हणजे क्लबाची प्रकृती ही मालकाच्या धंद्याची आणि त्याच्या इच्छेची प्रकृती असते. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हा खाणीच्या पैशावर उभ्या असलेल्या साऱ्याच हौशींना त्याची झळ लागणे स्वाभाविक होते.

त्यातच २०१४ साली इंडियन सुपर लीग ही नवी स्पर्धा सुरू झाली. तिच्यात प्रवेश मिळे तो शुल्क भरून. खालच्या श्रेणीतून जिंकत वर येण्याची वाट नव्हती. गंमत अशी, की धेंपो आणि साळगावकर या दोन्ही घराण्यांतील मंडळी प्रारंभी त्याच स्पर्धेतील नव्या गोव्याच्या संघात भागीदार होती. इकडे जुना धेंपो संघ २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला, आणि लगेच पुढच्याच हंगामात दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन त्याने परतीचा हक्क मिळविला. पण २०१६ मध्ये महासंघाने नव्या स्पर्धेला वरचे आणि आय-लीगला खालचे स्थान देण्याची योजना मांडली. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिन्ही संघांनी त्यावर्षी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले.

चाहत्याचे दुखणे येथे आहे. संघ हरला तर तो सोशितो. हरण्याची सवय असणे हा त्याच्या निष्ठेचाच भाग. पण मैदानावर जिंकलेली जागा मैदानाबाहेर निरुपयोगी ठरली, तर त्याने रविवार कशासाठी खर्चावा? मालकांनाही सरसकट दोष देता येत नाही. अर्धशतक तोटा सोसणाऱ्याने एके दिवशी हात आखडला, तर त्याला कृतघ्न म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र हात आखडताना चाहत्यास विचारण्याची सोय कोणत्याही नियमात नव्हती, हेही खरे.

परदेशी अशी सोय काही ठिकाणी आहे. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबातील मतांचा बहुमताचा वाटा सभासदांकडेच राहावा लागतो. इंग्लंडात पोर्ट्समथ हा क्लब २००८ मध्ये एफ. ए. चषक जिंकून पुढे दिवाळखोरीच्या कडेला आला. २०१३ मध्ये चाहत्यांनी वर्गणी जमवून तो विकत घेतला आणि २०१७ मध्ये नव्या धन्याच्या स्वाधीन केला. उलट १८८५ सालचा बरी क्लब पैशाअभावी २०१९ मध्ये लीगमधून बडतर्फ झाला.

नव्या स्पर्धेलाही पैशाने पुरती साथ दिली नाही. महासंघ आणि स्पर्धेचे चालक यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधी नव्या भागीदारासाठी काढलेल्या निविदेस एकही बोली आली नव्हती, हंगाम ठरलेल्या वेळी सुरू झाला नव्हता, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले होते.

धेंपो संघ मात्र २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा आय-लीगमध्ये दिसला. दुसऱ्या श्रेणीतून खेळून, जिंकून तो तेथे आला होता.