शब्द पोचतात, सूर राहतो!

‘बाबा आले.’ हे दोन शब्द आधी बातमी सांगावी तसे म्हणा. मग प्रश्न विचारावा तसे म्हणा. शेवटी आनंदाने ओरडून म्हणा. शब्द तिन्ही वेळा तेच; पण ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो. हा फरक येतो कोठून?

प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला साधारणपणे १०० ते १५० होतात. स्त्रियांच्या बाबतीत ती २०० च्या आसपास असतात. ही वारंवारता बोलताना सतत बदलते. वरच्या प्रश्नाच्या शेवटी ती चढते, बातमीच्या शेवटी उतरते. जोडीला आवाजाचा लहानमोठेपणा आणि शब्दांमधले थांबे असतात. या सर्वांचा मिळून बोलण्याचा सूर बनतो. कागदावर त्यातले फारच थोडे उतरते. विरामचिन्हे मदत करतात खरी. पण उद्गारचिन्ह आनंदाचे की रागाचे, हे ते चिन्ह सांगत नाही.

मग लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात का येत नाही? वर्गात एक प्रयोग करून पाहा. एका विद्यार्थ्याने सर्वांच्या माहितीतले एखादे गाणे मनात धरून त्याचा ठेका बाकावर बोटांनी वाजवावा. किती जण गाणे ओळखतील, हा अंदाज त्याने आधीच लिहून ठेवावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली हाच प्रयोग केला. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली! वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण गाणे चालू असते. ऐकणाऱ्याच्या कानी केवळ टकटक येते. पत्र लिहिणाऱ्याचेही असेच होते. आपला सूर त्याला मनात ऐकू येत असतो, म्हणून तो कागदावरही उतरला असे त्याला वाटते.

पदार्थविज्ञानाच्या एका कोड्यातून असाच घोटाळा झाला होता. १९८२ साली पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात, संगणकावरील सूचनाफलकावर कोणीतरी विचारले : लिफ्टचा दोर तुटला, तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? (मुक्तपणे पडणाऱ्या लिफ्टमध्ये वजन जाणवत नाही, त्यामुळे पृष्ठताणामुळे थेंब गोल होईल.) यावर एकाने गमतीने सूचना लिहिली, की अशा प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींना ती खरीच वाटली! तेव्हा १९ सप्टेंबर रोजी स्कॉट फालमन यांनी सुचवले, की थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, छोटी रेघ आणि कंस अशी चिन्हे टाकावीत. आडवे पाहिले, की हसरा चेहरा दिसतो. आज फोनवर आपण जे हसरे चेहरे पाठवतो, त्यांचा हा एक पूर्वज.

परंतु प्रत्येक ठिकाणी हसरा चेहरा शोभत नाही. समजा, शिक्षकांनी वहीत लाल शाईने लिहिले, ‘हे उदाहरण तू स्वतः सोडवलेस?’ त्यांच्या मनात कौतुक आहे. विद्यार्थ्याला मात्र वाटते, की आपल्यावर नक्कल केल्याचा आळ आला. तो काही विचारत नाही. पुढच्या वेळी अवघड उदाहरणाला हातच लावत नाही. ‘रीत सुंदर आहे’ एवढे तीन शब्द जास्त लिहिले असते, तर संशयाला जागा उरली नसती.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. लिहिलेला मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा रागावलेल्या आवाजात मोठ्याने वाचा. तो रागाचा वाटू शकत असेल, तर मनातली गोष्ट शब्दांतच स्पष्ट लिहा. आणि एखाद्याचे पत्र खटकले, तर तेच आनंदी सुरात वाचून पाहा. तरीही शंका राहिली, तर रुसून बसण्याऐवजी लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष भेटून विचारा. कागदावर न उतरलेला सूर तेथे ऐकू येईल.