एक जूनची माणसं

मे महिन्याची शेवटची तारीख पंचायत समितीच्या शिक्षण विभागात भलत्याच धावपळीची असते. वर्षभर दर महिन्याला कुणी ना कुणी निवृत्त होतच असतं, पण 31 मेची यादी सगळ्यांत लांब. हा काही सरकारी योजनेचा परिणाम नाही. नियम एवढाच आहे की, वयाला 58 वर्षं पूर्ण होतील त्या महिन्याच्या अखेरीला नोकरी संपते; जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आणि 1 जून ही खेड्यापाड्यांतल्या एका आख्ख्या पिढीची जन्मतारीख आहे.

ती कशी झाली हे गावातला कुणीही म्हातारा सांगेल. जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी पट गोळा करायला वाड्यावस्त्यांवर निघत. पोराचा जन्म कधीचा, असं विचारलं की आई म्हणे, 'थोरलीच्या लग्नाच्या साली, पोळ्याच्या पुढंमागं.' मग पोराला उभं करून उजवा हात डोक्यावरून न्यायला लावायचं. बोटं डाव्या कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं झालं. गुरुजी सहा वर्षं मागं मोजत आणि जनरल रजिस्टरात 1 जून टाकून मोकळे होत. पोळ्याला जन्मलेलं असो की शिमग्याला, सगळ्यांची रवानगी एकाच तारखेला. त्या मुलांतली काही पुढं डी. एड. करून त्याच जिल्हा परिषदेत गुरुजी झाली, आणि त्यांच्या गुरुजींनी वहाणा काढून ओट्यावर बसून ठरवलेल्या तारखेनं त्यांना घरी पाठवलं.   या जिल्हा परिषदेच्या शाळांची वर्षअखेर एका सभागृहात मावत नाही. ती एप्रिल-मेभर गावोगाव तुकड्या-तुकड्यांनी चाललेली असते.

या संस्थेचा जन्मही मे महिन्यातलाच. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा कामाला लागल्या. आज मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे सोडले तर बाकी 34 जिल्ह्यांत जिल्हा परिषद आहे. वर शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, मग काही शाळांच्या एका गटाला एक केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळा, बऱ्याच ठिकाणी द्विशिक्षकी. दोन शिक्षक आणि चार वर्ग, म्हणजे एकाच खोलीत पहिलीची बाराखडी आणि दुसरीचे पाढे. वरून खाली परिपत्रकं येतात, खालून वर माहिती जाते. हल्ली हे सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं आणि माहिती बहुतेकदा 'तात्काळ' हवी असते.

निकालाचा दिवस 1 मे. सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन, त्यानंतर तिथंच, निंबाखाली नाहीतर पडवीत, प्रगतिपुस्तकांचं वाटप. 2010 साली शिक्षण हक्क कायदा आल्यापासून आठवीपर्यंत नापास हा शब्द उठला आणि गुरुजींच्या डोक्यावर वर्णनात्मक नोंदी आल्या. पन्नास मुलांबद्दल प्रत्येक विषयात वेगळं वाक्य लिहायचं म्हणजे भाषेचा कस लागतो. 'चित्रे आवडीने काढतो' आणि 'गटात मिळूनमिसळून वागते' ही वाक्यं राज्यभरात किती हजार पुस्तकांत असतील कोण जाणे. तरी मी या नोंदींना सरसकट हसणार नाही. मन लावून लिहिणारी बाई असली की 'बोलताना अडखळते, पण गोष्ट सांगताना अडखळत नाही' असं एखादं वाक्य सापडतं आणि आईबापांना आपल्या लेकराबद्दल नवं काही कळतं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं, त्यामुळे या दोन वर्गांच्या रांगेत पुन्हा थोडी धाकधूक दिसते. 2025 साली तर राज्यभराचं वेळापत्रक एकच केलं आणि परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या. उरलेल्या पाच दिवसांत पेपर तपासून, गुण चढवून, निकाल तयार करायचे. शिक्षक संघटनांनी आवाज उठवला, पालक उन्हावरून चिडले. निकाल लागायचा तो 1 मेलाच लागला.

मुलांचं खरं कौतुक त्याआधी, स्नेहसंमेलनात होऊन गेलेलं असतं. गॅदरिंग थंडीतलं, डिसेंबर ते फेब्रुवारीमधलं. पण पैशाच्या दृष्टीनं शाळेचं वर्ष तिथंच ठरतं, म्हणून ते इथं सांगायला हवं. मंडपवाल्याचं स्टेज, भाड्याचे ड्रेस, कोळीगीत, शेतकरी नाच, एक शिवरायांचा प्रसंग, आणि माइकजवळ वही घेऊन बसलेले एक सर. नाच रंगला की प्रेक्षकांतून चिठ्ठी आणि नोट येते. सर गाणं चालू असतानाच पुकारतात: अमुक आबांकडून एकशे एक रुपये, तमुक तात्यांकडून पाचशे एक. नाव पुकारल्याशिवाय नोट द्यायची नाही हा अलिखित करार. एका आबांनी शंभर दिले की शेजारच्या भावकीला दोनशे द्यावेच लागतात, आणि ही चुरस लावून देण्यात काही शिक्षक असे पटाईत असतात की त्यांनी निवडणूक लढवली तर पुढाऱ्यांना अवघड व्हावं. त्या रात्रीच्या पैशातून भिंतींवर नकाशे रंगतात, पाण्याचा फिल्टर येतो, टीव्ही येतो. 2015 नंतर शाळा 'डिजिटल' झाल्या त्यातल्या कितीतरी अशाच लोकवर्गणीतून झाल्या. सरकारी अहवालात याला लोकसहभाग म्हणतात.

चौथी किंवा सातवीचा निरोप समारंभ त्यामानानं साधा. मुलं एकेक करून उभी राहतात, 'आदरणीय व्यासपीठ' म्हणतात आणि तिसऱ्या वाक्याला रडू कोसळतं. वर्गणी काढून शाळेला भेट द्यायची रीत अजून आहे. भेट म्हणजे बहुतेकदा भिंतीवरचं घड्याळ, खाली रंगवलेलं 'इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यांकडून सप्रेम भेट'. जुन्या शाळेच्या ऑफिसात अशी चार-पाच घड्याळं असतात आणि त्यातलं एखादंच चालू. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्तीधारकांचा फलक, त्यावर ऑइलपेंटनं नाव, साल आणि गुण. शहरातल्या माणसाला तो फलक किरकोळ वाटेल. गावात लग्न जमवताना त्याचा उल्लेख होतो.

खात्याचा गौरव म्हणाल तर तो वर्षअखेरीला नसतोच. जिल्हा आदर्श शिक्षक पुरस्कार 5 सप्टेंबरचे, शाळा सुरू होऊन अडीच महिने झाल्यावरचे. आणि त्यासाठी शिक्षकानं स्वतःच प्रस्ताव करायचा असतो: राबवलेले उपक्रम, फोटो, कात्रणं, विद्यार्थ्यांची प्रगती. माणसानं स्वतःच्या आदर्शपणाची फाईल स्वतःच लावायची, ही पद्धत मला कधी पटली नाही. ज्यांना फाईल नीट लावता येते ते वाईट शिक्षक असतात असं नाही, पण वस्तीवरच्या शाळेत तीस वर्षं वाचायला शिकवणाऱ्या बाईंना आपल्या कामाला 'उपक्रम' म्हणतात हेच ठाऊक नसतं. बाहेरच्यांनी मात्र कधी कधी नेमकं हेरलं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे त्यांचं नाव जगभर झालं. ती शाळाही याच यंत्रणेतली, तसाच केंद्रप्रमुख आणि तीच परिपत्रकं असलेली.

आता 31 मेकडे. 2025 च्या 31 मेला जे निवृत्त झाले त्यांची रजिस्टरातली जन्मतारीख 1 जून 1967. म्हणजे ती मुलं शाळेत आली 1973 च्या जूनमध्ये, 72 चा दुष्काळ नुकता भोगून, आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत असताना. सुकडीची चव त्यांच्या तोंडात अजून असेल. नोकरीला लागले तो काळ खडू-फळा योजनेचा, म्हणजे 1987 नंतरचा, जेव्हा एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक आणि साहित्याची पेटी मिळू लागली. 1995 ला पोषण आहार आला, तोही आधी कोरडा: हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. गुरुजींनी तराजू धरला. पुढं खिचडी शिजू लागली आणि गुरुजी डाळ-तेलाच्या हिशेबाला बसले. मग जनगणना, मतदार याद्या, उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना पहाटे अडवणारं गुड मॉर्निंग पथक, 'सरल' पोर्टलवर माहिती भरणं, आणि शेवटी 2020 मध्ये मोबाइल नसलेल्या मुलांच्या अंगणात जाऊन शिकवणं. एका माणसाच्या नोकरीत एवढं सगळं झालं, आणि तरी सेवापुस्तकात त्याबद्दल एक ओळ नसते. तिथं असतात वेतनवाढी, रजा आणि बदल्या.

सेवापूर्तीचा कार्यक्रम गाव करतं. खातं फार तर एक प्रतिनिधी पाठवतं. फेटा, शाल, श्रीफळ, गुरुजींना आणि घरच्या बाईंना भर आहेर, उघड्या जीपमधून नाहीतर ट्रॅक्टरवरून मिरवणूक, बुंदी आणि वांग्याची भाजी. जुने विद्यार्थी पुण्याहून सुट्टी काढून येतात. पोलीस झालेला पोरगा गणवेशातच पाया पडतो. भाषणं लांबतात. प्रत्येक वक्ता गुरुजींनी आपल्याला कसं झोडपलं हे अभिमानानं सांगतो, आणि समोर बसलेल्या केंद्रप्रमुखांना, शारीरिक शिक्षेवर बंदी असताना, टाळ्या वाजवायच्या की नाही हे कळत नाही.

पण गुरुजींची खरी परीक्षा त्याआधीच झालेली असते. ती असते पुढच्या बाईंना चार्ज देण्याची. जडसंग्रह नोंदवही उघडायची आणि एकेक वस्तू दाखवायची: घंटा एक, पृथ्वीगोल एक (आस निखळलेला), लाकडी खुर्च्या चार, सतरंज्या, तराजू, वजनं, पेटी एक, ढोलकी एक.

'बाई, ताटं साठ लिहिलीत. इथं त्रेपन्नच भरली.'

'गुरुजी, मागच्या पंधरा ऑगस्टला गणपती मंडळानं नेली होती ती.'

'मग मंडळाकडून आणवा, नाहीतर निर्लेखनात घ्या. मी सही करून मोकळा होतो.'

तांदळाचं पोतं वजनकाट्यावर चढतं. तांदूळ नोंदीपेक्षा चार किलो जास्त निघाला तरी पंचाईत आणि कमी निघाला तरी. मग शिक्षक पतसंस्थेचा ना-देय दाखला, गटविम्याचा अर्ज, उपदान, अंशराशीकरण. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना जुनं पेन्शन आहे, म्हणून या पिढीच्या निरोपात एक निश्चिंती दिसते, जी पुढच्या पिढीच्या निरोपात दिसणार नाही.

चार्जच्या यादीत सगळ्यांत मौल्यवान वस्तू म्हणजे जुनी जनरल रजिस्टरं, कडा कुरतडलेली, मोडी किंवा बाळबोध अक्षरांतली. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाची नोंद झाली. 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आणि 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची रजिस्टरंही बाहेर निघाली. ज्या कपाटाकडे तपासणीतही कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यासमोर रांगा लागल्या. मुख्याध्यापकांनी मास्क लावून पानं उलटली. कुठल्याशा गुरुजींनी टाकानं लिहिलेला जातीचा रकाना आता माणसांच्या नोकऱ्या ठरवत होता. तारखेच्या रकान्यातल्या 1 जूनवर मात्र कुणी आक्षेप घेतला नाही.

31 मेला एवढी माणसं एकदम गेली की पंधरा दिवसांत, जूनच्या मध्यावर, शाळा उघडताना खुर्च्या रिकाम्या असतात. विदर्भात उन्हामुळे थोडी सवलत मिळते इतकंच. नवी भरती पवित्र पोर्टलवरून, तिच्या सवडीनं. तोवर शेजारच्या शाळेतला एखादा शिक्षक 'कामगिरीवर' आणायचा, म्हणजे तिथली एक खुर्ची रिकामी करून इथली भरायची. 2023 च्या जुलैमध्ये सरकारनं यावर एक तोडगा काढला: जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षकांनाच महिना 20,000 रुपये मानधनावर कंत्राटी नेमायचं, वयाची अट 70. त्यामुळे ज्यांच्या मिरवणुकीचे फोटो गावाच्या ग्रुपवर अजून फिरत होते, असे काही गुरुजी अर्ज भरायला पुन्हा पंचायत समितीत आले. अर्जात जन्मतारखेचा रकाना होताच.