ट्रॅकवर ग्रुपसोबत पळायला सुरुवात करताय?

पुण्याचं सणस मैदान असो की मुंबईचं प्रियदर्शिनी पार्क, आधी लेन समजून घ्या. सर्वांत आतल्या लेनची एक फेरी 400 मीटर, आठवीची साधारण 453! पळायचं घड्याळाच्या उलट दिशेनं. वॉर्मअप बाहेरच्या लेनमध्ये. आतली वेगात पळणाऱ्यांसाठी मोकळी ठेवा.

सुरुवातीला 400 मीटरच्या चार-पाच फेऱ्या पुरेत, प्रत्येकीनंतर 200 मीटर सावकाश जॉगिंग. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात व्हायला हवी. पहिलीलाच जीव तोडून पळालात तर ते जमणं कठीण. म्हणून तर ग्रुप हवा, तोही आपल्याच वेगाचा. एकानं पुढे राहून पेस धरायचा, बाकीच्यांनी मागे. पुढच्या फेरीला अदलाबदल. फार मजा येते! आणि थांबायचं असेल तर आधी मागे बघा, मगच बाजूला सरका.