पाण्याच्या वाटेने जुनी शहरं

तेलगावच्या चौकात बीड–परळी रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता एकमेकांना छेदतात. गळीत हंगामात सुंदरनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेली उसाची वाहनं इथूनच वळतात. जुनी शहरं पाहायला निघालेल्या माणसालाही हा चौक सोयीचा. एका अंगाला धारूर, दुसऱ्या अंगाला बीड.

पण ही शहरं त्यांच्या पाण्याच्या वाटेने पाहायची, तर आधी स्पेनला जाऊन यावं. तिथे गेलेला मराठी प्रवासी ग्रानादाच्या टेकडीवरल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात सिंहांच्या कारंज्यापाशी हमखास थबकतो. पण टेकडीवर पाणी चढलं कसं? तेराव्या शतकात नस्रिद राजवटीने दार्रो नदीला वरच्या अंगाला बांध घालून पाट काढला आणि निव्वळ उताराच्या बळावर तो टेकडीवर आणला. सेगोव्हियात त्याच्या कितीतरी आधी रोमनांनी सुमारे 15 किलोमीटरवरून पाणी आणलं होतं. वाटेतला सखल भाग ओलांडायला त्यांनी 28 मीटर उंचीच्या दगडी कमानी उभ्या केल्या, त्याही चुन्याशिवाय.

माद्रिदची गोष्ट मात्र बीडकरांना अधिक जवळची वाटावी. नवव्या शतकात कोर्दोबाचा अमीर पहिला मुहम्मद याने वसवलेलं हे गाव पुढे राजधानी झालं, ते भुयारी पाटांच्या पाण्यावर. 1858 मध्ये लोझोया नदीचा कालवा पोचेपर्यंत शहराची तहान हेच पाट भागवत होते.

ही विद्या मूळची इराणची. उंचावर भूजल गाठायचं, तिथून हलक्या उताराचं भुयार खणत न्यायचं, आणि हवा खेळावी, गाळ उपसता यावा म्हणून अंतराअंतरावर उभे झरोके ठेवायचे. अरबांबरोबर ती स्पेनला गेली. दख्खनमध्ये बीदरचे कारेझ आणि औरंगाबादची नहर-ए-अंबरी ही तिचीच रूपं.

बीडची खजाना विहीर याच कुळातली. हिजरी 991 मध्ये, म्हणजे इसवी सन 1583 च्या सुमारास, मूर्तझा निजामशहाच्या काळात जहागीरदार सलाबतखानाने ती राजा भास्कर या स्थापत्यकाराच्या देखरेखीखाली बांधून घेतली. दोन भुयारांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून शेतांकडे जातं. मोट नाही, मोटार नाही! टँकरची सवय झालेल्या जिल्ह्यात ही विहीर चारशे वर्षांहून जुनी आहे, आणि तरी बीडला येणारे बहुतेक जण कंकालेश्वराचं दर्शन घेऊन परततात, याचं फार वाईट वाटतं.

धारूरचा किल्लाही याच नजरेने पाहावा. तीन बाजूंना दऱ्या असल्यामुळे शत्रूला चौथीच बाजू मोकळी, पण आतल्या शिबंदीला तगायचं होतं ते गडावरच्या टाक्यांवर. सोळाव्या शतकात आदिलशाही आणि निजामशाही या गडासाठी झुंजल्या.

व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी 12 वाजता कॅथेड्रलच्या दाराशी शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि पाटपाण्याचे तंटे तोंडी निकालात काढतात. 2009 मध्ये युनेस्कोने या न्यायसभेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. प्रवासी ती पाहायला मुद्दाम वेळ राखून ठेवतात. खजाना विहिरीलाही तेवढा वेळ द्यायला हवा. काठावरून डोकावून परतू नये. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दिशेने शिवारापर्यंत चालत जावं आणि शाळांच्या सहलींनाही त्याच वाटेने न्यावं.