कार्ट्रिज रिफिल केले, तरी ‘शाई संपली’ का दिसते? खरी शाई कशी ओळखाल?

नागभीड : धान खरेदीच्या नोंदणीसाठी सातबारा, शाळेसाठी दाखले, पीक विम्याचे अर्ज… मुदत जवळ आली, की तालुक्यातील झेरॉक्स दुकानांत आणि सेवा केंद्रांत प्रिंटरला उसंत नसते. खर्च वाचवण्यासाठी अनेक जण कार्ट्रिज रिफिल करतात. पण शाई भरूनही स्क्रीनवर ‘शाई संपली’ असाच संदेश येतो. असे का होते?

प्रिंटर शाई मोजतो का?

कार्ट्रिजचे बहुतेक प्रिंटर शाई मोजत नाहीत, फक्त अंदाज बांधतात. किती थेंब उडवले, हे प्रिंटर मोजतो आणि तेवढी शाई वजा करतो. एक थेंब १० पिकोलिटरचा धरला, तर १ मिलीलिटर शाईत तब्बल १० कोटी थेंब होतात! तुम्ही सुईने भरलेली शाई या हिशेबात येतच नाही. त्यामुळे जुनाच आकडा दिसत राहतो.

जानेवारी २०२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे कॅननने काही ऑफिस मशिनसाठी चिप नसलेले टोनर दिले. तेव्हा अस्सल टोनरवरही इशारा दिसू लागला. तो बाजूला कसा सारायचा, हे कंपनीनेच जर्मनीतील ग्राहकांना सांगितले होते.

मग संदेशाकडे दुर्लक्ष करायचे का?

छपाई सुरू ठेवता येते. एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये ‘ओके’ दाबून पुढे जाता येते. कॅननच्या अनेक मॉडेलमध्ये ‘स्टॉप’ बटण किमान ५ सेकंद दाबून धरावे लागते. मात्र त्यानंतर शाईवर लक्ष ठेवणे ही तुमची जबाबदारी.

धोका इथेच आहे. या कार्ट्रिजमध्ये शाई तापवून थेंब उडवला जातो आणि वाहती शाईच नोझल थंड ठेवते. कार्ट्रिज कोरडे चालले, तर नोझल जळते. मग कितीही शाई भरा, उपयोग नाही.

खरी शाई कशी ओळखाल?

- नवे कार्ट्रिज बसवण्यापूर्वी सराफी काट्यावर वजन करून लिहून ठेवा.
- १ मिलीलिटर शाई साधारण १ ग्रॅम भरते. वजन जितके ग्रॅम कमी, साधारण तितके मिलीलिटर शाई खर्च झाली.
- रिफिल करताना मूळ वजनाच्या थोडे खालीच थांबा. जास्त भरल्यास शाई गळते.
- आतल्या स्पंजमध्ये शाई मुरायला वेळ द्या, हळूहळू भरा. तांब्याच्या पट्टीला बोट लावू नका.
- अक्षरे फिकट झाली किंवा पांढऱ्या रेषा आल्या, की छपाई लगेच थांबवा.

टाकीवाल्या प्रिंटरचे काय?

त्यात काम सोपे. शाई बाहेरून दिसते. स्क्रीनवर काहीही असो, पातळी खालच्या खुणेपर्यंत येण्याआधी शाई भरा. उन्हाळ्यात प्रिंटर अनेक दिवस बंद असेल, तर आठवड्यातून एक रंगीत पान काढा. नोझलमध्ये शाई सुकणार नाही.