कुठेच न जाणारं इंजिन मॉडेल रेल्वेवाल्यांचं लाडकं का असतं?

आवडतं रेल्वे इंजिन कोणतं, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लांब पल्ल्याची गाडी येते. राजधानी, डेक्कन क्वीन, घाट चढणारी मालगाडी. पण ज्यांनी घरात छोटे रूळ मांडून मॉडेल रेल्वे उभी केली आहे, त्यांच्या गप्पांमध्ये एक वेगळंच इंजिन सतत डोकावतं. ते बुटकं असतं, हळू चालतं आणि स्टेशनच्या हद्दीबाहेर सहसा जातही नाही. त्याला म्हणतात शंटिंग इंजिन. अमेरिकेत त्यालाच स्विचर म्हणतात.

हे इंजिन नेमकं करतं काय, छंद म्हणून ते इतकं का आवडतं आणि खऱ्या रेल्वेतून ते हळूहळू का कमी होतंय? समजून घेऊया.

शंटिंग म्हणजे काय?

भिवंडीत राहणाऱ्यांना हे समजायला सोपं जाईल. इथल्या गोदामांत दिवसरात्र एकच काम चालतं. ट्रक येतो, पार्सलं उतरतात, पिनकोडप्रमाणे वेगळी होतात आणि दुसऱ्या ट्रकमध्ये चढतात. रेल्वेचं यार्डही हेच करतं. फक्त इथं पार्सलच्या जागी वाघीण असते, म्हणजे मालगाडीचा डबा. तो रिकामा असतानाच वीस टनांच्या आसपास भरतो.

आणखी एक मोठा फरक आहे. पार्सल उचलून बाजूला ठेवता येतं. वाघीण उचलता येत नाही. ती रुळावरून फक्त पुढे किंवा मागे जाते. त्यामुळे मधली एकच वाघीण हवी असेल, तरी तिच्या पुढच्या सगळ्या आधी बाहेर काढाव्या लागतात, दुसऱ्या रुळावर ठेवाव्या लागतात आणि मग परत जोडाव्या लागतात. या ओढाओढीला शंटिंग म्हणतात.

प्रवासी गाड्यांनाही ते लागतं. सीएसएमटीसारख्या टर्मिनसवर रूळ संपतात. गाडी आत आली की तिचं इंजिन पुढच्या टोकाला अडकतं. मग दुसरं इंजिन मागून येऊन रिकामे डबे बाहेर ओढून नेतं, तेव्हा कुठे पहिल्याची सुटका होते. लोकलला ही कटकट नाही, कारण तिला दोन्ही टोकांना चालकाची केबिन आहे.

इंजिनाच्या नावातच काम लिहिलेलं असतं

भारतातल्या इंजिनांवर डब्ल्यूडीएस, डब्ल्यूडीएम, डब्ल्यूएपी अशी अक्षरं दिसतात. पहिलं अक्षर रुळांची रुंदी सांगतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज. दुसरं इंधन सांगतं. डी म्हणजे डिझेल, ए म्हणजे एसी वीज. तिसरं काम सांगतं. पी म्हणजे प्रवासी, जी म्हणजे माल, एम म्हणजे दोन्ही आणि एस म्हणजे शंटिंग.

भारतात डिझेलची सुरुवातही मोठ्या गाड्यांपासून झाली नाही. ब्रॉडगेजवर यशस्वी ठरलेली पहिली डिझेल इंजिनं शंटिंगचीच होती. डब्ल्यूडीएस-1 नावाची ही इंजिनं 1944-45 मध्ये अमेरिकेतून आली.

लाडकी इंजिनं कोणती?

डब्ल्यूडीएस-4: चित्तरंजनच्या कारखान्यात 1960 च्या दशकाच्या शेवटी हे बनू लागलं. ताकद सुमारे 700 हॉर्सपॉवर. डिझेल असूनही याची सहाही चाकं बाहेरून लोखंडी दांड्यांनी जोडलेली असतात, वाफेच्या इंजिनासारखी. चालताना त्या दांड्या वरखाली होतात, आणि मॉडेल करणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

डब्ल्यूडीएस-6: हे 1970 च्या दशकात वाराणसीच्या कारखान्यातून आलं. सहा सिलिंडर, सुमारे 1400 हॉर्सपॉवर आणि एका टोकाला केबिन. मुंबईकरांनी कुर्ला शेडची ही इंजिनं टर्मिनसच्या आसपास पाहिली असतील.

खेकडा: हा मूळचा शंटर नव्हे. डब्ल्यूसीजी-1 नावाची ही विजेवर चालणारी इंजिनं 1928 पासून बोरघाट आणि थळघाटात मालगाड्या ओढायची. पुढे-मागे लांब नाकं, मध्ये केबिन, वळणावर वाकणारं अंग आणि टोपणनाव खेकडा. म्हातारपणी यातली काही इंजिनं मुंबईत शंटिंग करत राहिली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा आजही उभा आहे.

परदेशातली यादी वेगळी आहे. अमेरिकेत एसडब्ल्यू-1500 आणि अल्कोची एस मालिका. ब्रिटनमध्ये क्लास 08, ज्याची तब्बल 996 इंजिनं बनली. लहानपणी थॉमसचं कार्टून पाहिलं असेल, तर त्यातला खोडकर डिझेल आठवत असेल. तो याच क्लास 08 वर बेतलेला आहे.

मॉडेलवाल्यांना शंटरच का परवडतो?

पहिलं कारण जागेचं. मॉडेल रेल्वेत जगभर सगळ्यात जास्त चालतो तो एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. ऐकायला लहान वाटतं, पण हिशोब करून बघा. एक मालडबा साधारण 15 मीटर धरला, तर मॉडेल होतं 17 सेंटिमीटर. चाळीस डब्यांची मालगाडी सात मीटरपर्यंत जाते. ती वन बीएचकेमध्ये कुठे पळवणार? शंटरला मात्र चार-पाच डबे आणि एक लांब फळी पुरते.

दुसरं कारण डोक्याला खुराक. गोल रुळावर फिरणारी गाडी दहा मिनिटांत कंटाळा आणते. शंटिंगचं कोडं आणत नाही. यातलं सगळ्यात प्रसिद्ध कोडं ब्रिटनच्या अॅलन राइट यांचं आहे, इंगलनूक सायडिंग्ज.

खेळ असा. तीन रूळ. एकावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोघांवर तीन-तीन. तिन्ही जिथे एकत्र येतात, त्या टोकाला फक्त इंजिन आणि तीन डब्यांपुरती जागा. एकूण डबे आठ. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या आणि त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी लांब रुळावर तयार करायची. डब्याला हात लावायचा नाही. आठातले पाच डबे क्रमाने निवडण्याचे प्रकार होतात 8 × 7 × 6 × 5 × 4, म्हणजे 6720. रोज एक सोडवला, तरी 18 वर्षं जातील. आखूड डबे घेतले तर हे सगळं चार-पाच फुटांच्या फळीवर बसतं.

तिसरं कारण कसब. मॉडेल जोरात पळवणं सोपं, मुंगीच्या पावलांनी चालवणं अवघड. छोट्या इंजिनाची चाकं कमी असतात. रुळावर जराशी धूळ असली किंवा सांध्यावर वीज क्षणभर तुटली, की ते जागेवर थांबतं. म्हणून हे लोक रूळ पुसत बसतात, आणि डबा धक्का न देता जोडला गेला की लहान मुलासारखे खूश होतात.

भारतीय मॉडेल मिळतात का?

बाजारातली बरीच तयार मॉडेल्स युरोप-अमेरिकेच्या इंजिनांची असतात. त्यामुळे भारतीय शंटर हवा असेल, तर अनेकदा परदेशी इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर थ्रीडी प्रिंट केलेलं किंवा प्लॅस्टिक कापून बनवलेलं कवच चढवावं लागतं.

त्यातही एक मेख आहे. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी 1676 मिलिमीटर. 87 ने भागली तर 19.3 मिलिमीटर येते. बाजारातले एचओ रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या 1435 मिलिमीटर गेजवरून ठरलेत. म्हणजे आपलं इंजिन त्यावर उभं केलं की थोडं जास्तच उंच-रुंद दिसतं. बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात.

छोटी रेल्वे प्रत्यक्ष बघायची असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज आहे. 1998 पासून ते लोकांसाठी खुलं आहे.

मग खरे शंटर कुठे चाललेत?

याचं उत्तर भिवंडीतच दिसतं. दिवा-वसई मार्गावरच्या भिवंडी रोड स्टेशनातून 2020 मध्ये पार्सल गाड्या सुटू लागल्या. गुवाहाटीजवळचं आझारा, हावड्याजवळचं सांकराईल अशा दूरच्या ठिकाणी त्या जातात. गाडी इथे भरते आणि अख्खीच्या अख्खी तिकडे पोहोचते. वाटेत डबे तोडायचे नाहीत, जोडायचे नाहीत.

पूर्वी एकेका गावातून एक-दोन वाघिणी माल निघायचा आणि यार्डायार्डांत तोडजोड होत पुढे सरकायचा. त्यात दिवस जायचे. 1980 च्या दशकापासून रेल्वेने एकाच ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या पूर्ण गाड्यांवर भर दिला. प्रवासी गाड्यांतही वंदे भारतला दोन्ही टोकांना केबिन आहे, अमृत भारतला दोन्ही टोकांना इंजिन. शंटिंगची गरजच घटते. त्यात रुळांवर विजेच्या तारा आल्या आणि डिझेल इंजिनं मागे पडली.

यात हळहळण्यासारखंच सगळं आहे असंही नाही. शंटिंग हे रेल्वेतल्या सगळ्यात धोक्याच्या कामांपैकी एक आहे. डबे आपोआप अडकणारं कपलिंग असलं, तरी ब्रेकचे पाइप जोडायला माणसाला दोन डब्यांच्या मध्ये उतरावं लागतं. 9 नोव्हेंबर 2024 ला बिहारच्या बरौनी जंक्शनवर इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून एका रेल्वे कर्मचाऱ्याचा जीव गेला. मॉडेलच्या फळीवर चुकीचा इशारा दिला तर फार तर एक डबा घसरतो. यार्डात तशी दुसरी संधी मिळत नाही. शंटिंग जितकं कमी होईल, तितकी माणसं कमी वेळा त्या फटीत उतरतील.

पण हे काम कसं चालायचं, कोणता डबा आधी काढायचा, इंजिन किती हळू आणायचं, ही माहिती कामासोबतच पुसली जाऊ शकते. गाजलेल्या एक्स्प्रेस गाड्यांचे फोटो भरपूर निघतात. यार्डातल्या काळवंडलेल्या डब्ल्यूडीएस-4 चा फोटो काढायला फारसं कुणी थांबत नाही. त्याच्या शिड्या कुठे होत्या, दांड्या कशा फिरायच्या, हे मिलिमीटर मोजून टिपणारे लोक म्हणजे हे मॉडेलवाले. पुढच्या वेळी स्टेशनात गाडीची वाट बघत असाल आणि शेजारच्या रुळावर एखादं बुटकं इंजिन चार डबे ढकलत असेल, तर एक व्हिडिओ काढून ठेवा. कुणाला तरी त्यावरून मॉडेल बनवायचं असेल.